मृत्यूनंतरच्या नोंदी

कचेरीत त्यांना सगळे सूचकबाई म्हणत. नाव संगणकवाल्याने ठेवलं होतं. वधूवर सूचक मंडळात दोन कागद शेजारी शेजारी ठेवून जमतंय का ते बघतात, तसंच यांचं काम. फरक इतकाच, की यांना दोन कागदांवरचा माणूस एकच आहे का ते बघायचं होतं. बाईंना हे नाव मुळीच आवडलं नव्हतं. पण नावं ठेवणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पाच वर्षांत त्या स्वतःच फोन उचलून "सूचकबाई बोलतेय" म्हणायला लागल्या होत्या.

काम नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कर्करोगाच्या त्या रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांना एक गोष्ट शोधून काढायची होती. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर बायका पुढचे उपचार पुरे करतात का, आणि मध्येच सोडतात त्यांचं काय होतं? घरोघर माणसं पाठवून विचारायचं तर जन्म गेला असता. डॉक्टर म्हणाले, रुग्णालय आपल्या रोजच्या कारभारासाठी जे लिहून ठेवतंच, तेच आपण वाचू. भरतीची नोंद, घरी सोडल्याची नोंद, इंजेक्शनच्या कक्षातली हजेरी, रक्ततपासणी, औषधाच्या खिडकीवरून नेलेली पाकिटं, आणि सगळ्यात शेवटी मृत्यूचं रजिस्टर. हे एकाखाली एक लावलं की कोण कुठून कुठे गेलं ते आपोआप दिसतं.

अडचण अशी, की प्रत्येक खिडकीचा नंबर वेगळा. आणि नावं तर नाहीतच. नाव, पत्ता, फोन हे सगळं पलीकडच्या इमारतीतले किल्लीवाले साहेब कापून ठेवत आणि उरलेलं इकडे पाठवत. कुठल्या नंबरामागे कोण आहे हे फक्त त्यांच्या कपाटाला ठाऊक. सूचकबाईंकडे यायची ती जन्मतारीख, राहत्या भागाचा क्रमांक, आजार आणि कोणत्या दिवशी काय झालं एवढंच. सोप्या जोड्या यंत्र लावायचं. संशयाच्या असतील त्या बाईंच्या पडद्यावर यायच्या, खाली दोन बटणं घेऊन: 'एकच' आणि 'वेगळे'.

त्याआधी सतरा वर्षं बाईंनी रुग्णालयाच्या अभिलेख कक्षात कागद लावण्यात घालवली होती. कोणता कारकून सात कसा काढतो आणि कोणाला जेवणानंतर डुलकी लागते, हे त्यांना तोंडपाठ होतं. ज्या बाईला आपली जन्मतारीख माहीत नाही तिला नोंदणीवाले वर्षाच्या मधली एक जुलै देऊन टाकतात, हेही त्या जाणून होत्या. त्यामुळे त्यांचा हात चुकत नाही अशी ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर ती ख्याती त्यांनीही जरा अंगाला लावून घेतली होती. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणजे काय ते माझ्याकडून शिका, असं त्या संगणकवाल्याला ऐकवायच्या.

या जोडण्या रुग्णालयालाही आवडल्या. पूर्वी एकदा असं झालं होतं, की वारलेल्या मुलीच्या घरी 'तपासणीला या' असं पत्र गेलं, आणि तिचे वडील ते पत्र हातात घेऊन दिवसभर दारात उभे राहिले होते. कोणाशी भांडले नाहीत, नुसते उभे राहिले. तेव्हापासून ठरलं, की पत्रं पाठवण्याआधी सूचकबाईंची यादी बघायची आणि मेलेल्यांचे नंबर गाळायचे. यंदा जानेवारीत औषधाच्या खिडकीनेही तीच यादी घेऊन मेलेल्यांची कार्डं बंद केली. सगळ्यांनाच वाटलं, चांगलं झालं.

ऑगस्टमध्ये काम शेवटाला आलं. संगणकवाला म्हणाला, आता भुतं गाळायची चाळणी लावतो. म्हणजे मृत्यूच्या तारखेनंतरच्या नोंदी पुसून टाकायच्या. अशा नोंदी असतातच. माणूस सोमवारी जातो आणि त्याच्या रक्ताचा अहवाल बुधवारी येतो. बाई म्हणाल्या, थांब, मला एकदा डोळ्यांखालून घालू दे. गरज नव्हती. पण न बघता काही पुढे सोडायचं नाही ही सवय, आणि सवयीला औषध नाही.

यादी चारशे ओळींची होती. एक दिवस उशिरा आलेला अहवाल, दोन दिवस उशिरा परत आलेली चाकाची खुर्ची. बाई चहा पीत खाली खाली जात होत्या. मग एका नंबरापाशी आल्या आणि कप खाली ठेवला.

ही बाई गेल्या वर्षी नऊ मार्चला वारली होती. वीस मार्चला तिने रक्त तपासून घेतलं होतं. एकवीस मार्चला इंजेक्शन. मग बरोबर तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा इंजेक्शन. एप्रिल, मे, जून, एकही खेप चुकलेली नाही. जिवंत बायका कंटाळतात, पाऊस आहे म्हणून येत नाहीत, घरात कोणी आजारी पडलं म्हणून टाळतात. ही मेलेली मात्र घड्याळ लावल्यासारखी येत होती. जुलैत इंजेक्शनं संपल्यावर तिने दर महिन्याच्या बारा तारखेला खिडकीवरून गोळ्या न्यायला सुरुवात केली होती.

इंजेक्शनाआधी वजन करतात, कारण औषध वजनावर ठरतं. बाईंनी वजनाचा रकाना उघडला. मार्चमध्ये त्रेपन्न किलो, मेमध्ये चोपन्न, जुलैत छप्पन्न. मेलेल्या बाईचं वजन वाढत होतं.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोली तळमजल्यावरची, जिन्याखालची; एकच खिडकी, तीही कुंपणाच्या भिंतीवर उघडणारी. भर दुपारीही तिथे दिवा लावावा लागे. आजवर त्या खोलीत त्यांनी हजारो मेलेल्या बायका वाचल्या होत्या आणि एकीचीही भीती वाटली नव्हती. आज पाठीमागे कोणीतरी आपल्या पाळीची वाट बघत उभं आहे असं वाटून त्यांनी मान वळवली. मागे फायली ठेवायचा लाकडी घोडा होता. त्यांनी स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

त्या मागे मागे गेल्या, मृत्यूच्या आधीच्या काळात. यंत्र एका दिवसाच्या दुहेरी नोंदी एकच धरायचं, म्हणून त्यांनी मूळ नोंदी उघडल्या. तिथे एका सकाळी, बारा मिनिटांच्या अंतराने, ही बाई एकसष्ट किलोची होती आणि एक्कावन्न किलोची होती. पुढच्या खेपेला अठ्ठावन्न आणि एक्कावन्न. त्याच्या पुढच्या खेपेला चोपन्न आणि बावन्न. एकीचं वजन उतरत उतरत दुसरीपाशी येत होतं. मग एकीच्या नोंदी थांबल्या, आणि दुसरी एकटी येत राहिली.

म्हणजे भूत नव्हतं. दोघी होत्या. एक मेली होती आणि दुसरीलाही मेलेली धरलं होतं.

हे कळल्यावर भीती जायला हवी होती. ती वाढली. कारण आता त्या यादीचा शेवट वाचत होत्या. डिसेंबरात त्या दुसरीची वार्षिक तपासणी झाली होती आणि तिच्यापुढे एक खूण होती: 'तातडीने परत बोलवा'. ही खूण डॉक्टर उगाच करत नाहीत. आजार उलटल्याचा संशय असला तरच करतात. त्या खुणेवरून पत्र निघतं. या बाईच्या रकान्यात लिहिलं होतं: 'पत्र नाही. रुग्ण मृत.'

पुढे बारा जानेवारी, खिडकी, 'कार्ड बंद'. बारा फेब्रुवारी, 'कार्ड बंद'. बारा मार्च, 'कार्ड बंद'. तीनदा आली होती आणि तीनदा परत गेली होती. त्यानंतर काहीच नव्हतं. डिसेंबर ते ऑगस्ट, आठ महिने झाले होते. कुठेतरी एक बाई आत वाढत चाललेला आजार घेऊन बसली होती, आणि ती आहे हे कोणत्याच कागदाला माहीत नव्हतं. कदाचित एव्हाना ती खरोखरच नसेल.

जोडी कोणी लावली ते बघायची एक कळ होती. बाईंना ती दाबायची नव्हती. दाबली. हाताने लावलेली जोडी होती, आणि पुढे त्यांचीच आद्याक्षरं होती.

त्यांना तो दिवसही आठवला. जन्मतारीख एकच, एक जुलै. भाग एकच. आजार तोच, बाजूही डावीच. अकरा दिवसांच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया. यंत्र गोंधळलं होतं. बाई गोंधळल्या नव्हत्या. पहिल्या शस्त्रक्रियेत कडेला काही राहिलं तर दहा-पंधरा दिवसांत पुन्हा घेतात, हे कुठल्या यंत्राला ठाऊक असणार? अनुभव लागतो त्याला. त्यांनी ऐटीत 'एकच' दाबलं होतं. कमी जाणणाऱ्याने दोघींना वेगळंच ठेवलं असतं.

त्या दिवशी घरी त्या नीट जेवल्या नाहीत. नवरा शाळेच्या बसवर चालक होता. रोज चाळीस मुलं मोजून चढवायची आणि चाळीसच उतरवायची हा त्याचा धर्म. कामातलं घरी बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून बाईंनी आडवळणाने विचारलं, की समजा एखादं मूल तू मोजायचंच विसरलास तर? तो हसला नाही. म्हणाला, "मग बस पुढे न्यायचीच नाही. आधी मागे जायचं." मग ताटाकडे बघून त्याने विचारलं की भाजीत मीठ कमी आहे का.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक भलतंच केलं. तारीख बारा होती. त्या औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. काय होणार होतं त्यांनाही ठाऊक नव्हतं. रांगेतल्या प्रत्येक बाईचं वजन त्या डोळ्यांनी करत होत्या: ही साठ, ही पंचेचाळीस, ही छप्पन्न असेल का? रांग संपली. त्यांनी खिडकीवरच्या माणसाला विचारलं, की जानेवारीत, फेब्रुवारीत, मार्चमध्ये बारा तारखेला कोणी बाई येऊन परत गेलेली आठवते का. त्याला आठवत होती.

"हो, कार्ड बंद दाखवायचं त्यांचं. मी म्हटलं, बंद आहे. मग त्या हसून गेल्या."

"हसून?"

"तिन्ही वेळा. तिसऱ्यांदा तर मला धन्यवाद म्हणाल्या. मलाच कसंतरी झालं."

बाई तशाच मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं, आद्याक्षरांसकट. चाळणी लागली असती तर कोणाला कधी कळलं नसतं, ही गोष्ट त्यांच्या मनात आली नव्हती असं नाही. रात्रभर आली होती.  डॉक्टर म्हणाले की संशोधनाच्या नोंदींवरून रुग्णाला शोधायला आपल्याला परवानगी नाही, समितीपुढे ठेवावं लागेल, आणि समितीची बैठक ऑक्टोबरात आहे. बाई म्हणाल्या, ऑक्टोबरपर्यंत ती आपल्या समितीसाठी थांबेल का? डॉक्टर चांगले होते, पण चांगल्या माणसांना नियमांची सावली बरी वाटते. शेवटी त्यांनीच किल्लीवाल्यांना फोन लावला.

किल्लीवाल्यांनी कपाट उघडलं आणि दहा मिनिटांत सांगितलं: दोन नावं, आडनाव एक, पत्ता एक, फोनही एकच. जावा होत्या त्या. नवरे सख्खे भाऊ. दोघी एकाच दिवशी एकाच खिडकीवर नाव नोंदवायला आल्या होत्या. फोन लावून पाहिला तर नंबर थोरलीचा होता आणि कधीच बंद झाला होता. तेव्हा साहेबांनी पत्र काढलं आणि गृहभेटीच्या नर्सकडे दिलं, की हातात द्या आणि सही घ्या. सूचकबाई म्हणाल्या, मी बरोबर जाते. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले की नर्सच्या गाडीत कोण बसतं ते बघणं त्यांच्या कामात येत नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दारापाशी चपलांचे दोन जोड, दोन्ही बायकांचे. नर्सने घंटी वाजवली. आतून पावलं आली आणि दार उघडलं. समोर गोल चेहऱ्याची, तेज आलेली, केस नुकते कानांखाली वाढलेली बाई हसत उभी होती. अंगात भारीतला, पण जुना करडा स्वेटर. छप्पन्न नाही, साठीला टेकलेलं वजन असावं, असं त्यांच्या मनाने परस्पर सांगून टाकलं.

"रुग्णालयातून?" ती म्हणाली. "या की. जाऊबाईंचं काही राहिलंय का? त्या गेल्याला वर्ष होऊन गेलं."

तिने बसवलं, पाणी आणलं. नर्स विचारपूस करत होती आणि धाकटी जाऊ आनंदाने सांगत होती. थोरलीशी तिचं लग्नापासून गूळपीठ. नोंदणीच्या खिडकीवर थोरलीला जन्मतारीख विचारली, तिला ती ठाऊक नव्हती, त्याने काहीतरी लिहिलं. मग हिला विचारलं, तर ही म्हणाली, लिहा हिच्याच एवढी. दोघी किती हसल्या होत्या. आजार एक, बाजू एक, तारीख एक, आता नवराच तेवढा वेगळा राहिला, असं थोरली म्हणायची. हा स्वेटर तिचाच. आधी मोठा व्हायचा, आता बरोबर बसतो. चपला मात्र तशाच ठेवल्यात, दारात एक जोड दिसला की घर ओकंबोकं वाटतं.

"पाठीत जरा दुखतं अधूनमधून," ती म्हणाली. "वय झालं. बाकी मी ठणठणीत."

सूचकबाईंनी विचारलं, गोळ्या का सोडल्या?

"मी कुठे सोडल्या? कार्डच बंद झालं ना. म्हणजे उपचार संपले. मी मुद्दाम तीनदा जाऊन खात्री केली." ती पुन्हा हसली. "आणि तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, काही वावगं असलं तर आम्ही पत्र पाठवतो. पत्र नाही आलं तर समजा सगळं छान आहे. जाऊबाईंना आलं होतं पत्र, निळ्या पाकिटात. आलं आणि तीन महिन्यांत त्या गेल्या. माझ्या वेळी मी रोज खाली पेटीपाशी जायची. पहिला महिना तर हात आत घालायची हिंमत होत नव्हती. मग दुसरा गेला, तिसरा गेला. पत्र काही आलं नाही."

नर्सने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. सूचकबाईंना वाटलं, उठावं, चुकीच्या घरी आलो म्हणावं आणि जिना उतरून जावं. ही बाई सुखात होती. त्यांनी तिला कागदावर मारलं होतं आणि त्या मरणात ती सुखात होती. आता तिला जिवंत करायचं, म्हणजे आजारी करायचं. त्यांना स्वतःचा असा राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. पण बस पुढे न्यायची नव्हती.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र निघायला हवं होतं. डिसेंबरातच. ते निघालं नाही, कारण आमच्या यादीत तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई एकच झाला होतात. त्या गेल्या तेव्हा तुम्हीही गेलात असं लागलं. ही चूक कोणा यंत्राची नाही. माझी आहे. मी केली."

नर्सने निळं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं आणि हळू आवाजात सांगितलं, की उद्याच यायचं आहे, सकाळी, गाडी पाठवू, सगळ्या तपासण्या एकाच दिवशी करू, आठ महिने गेले असले तरी करण्यासारखं पुष्कळ असतं. धाकट्या जावेने पाकीट घेतलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, फक्त ते तिथेच राहिलं होतं. खालून कोणीतरी दुचाकी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. 

"म्हणजे आठ महिने मी मेलेलीच होते?" तिने विचारलं.

"कागदावर तुम्ही त्याच्या आधीपासूनच मेलेल्या होतात," सूचकबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

तिने मान हलवली. मग हात पुढे करून पाकीट घेतलं, ते उलटंसुलटं करून पाहिलं, आणि सूचकबाईंकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "फार बरे गेले हो ते दिवस. एवढे बरे दिवस मला लग्नानंतर कधी आले नव्हते."

आणि चष्मा आणायला ती आतल्या खोलीत गेली.